नवऱ्याची तपासणी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. आई गेली, तिला माहीत नव्हती. भावाला माहीत नाही. आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवी होती ती आत्ता गोठ्यात धार काढतेय — तिला तर नाहीच नाही. मी दारू पीत नाही, त्यामुळे घोटभर पोटात गेल्यावर चुकून बोलून टाकायची सोयही मला नव्हती. मग आज का सांगतोय? खरं सांगू? कंटाळलो. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही, मला ते शोभत नाहीत. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, ऐकाल आणि आपल्या वाटेनं जाल, एवढ्याच भरवशावर बोलायला बसलोय.

पण लगेच मुद्द्यावर येणं मला जमायचं नाही. आधी थोडं माझ्या कामाबद्दल सांगतो.

मी दूध संघाच्या कृत्रिम रेतन केंद्रात नोकरीला होतो. बिद्रीच्या अलीकडं आमचं गाव, आणि आजूबाजूची दहा-बारा गावं माझ्याकडं. गाय-म्हैस माजावर आली की शेतकऱ्याचा निरोप यायचा. मग मोटरसायकलला नायट्रोजनचं गार भांडं बांधायचं, गोठ्यात जायचं, गोठवलेल्या वीर्याची कांडी कोमट पाण्यात धरायची आणि नळीनं जनावराच्या गर्भाशयात सोडायची. काम एवढंच. लोक मला डॉक्टर म्हणायचे. डॉक्टर कसला? बारावी सायन्स आणि वर काही महिन्यांचं ट्रेनिंग. पण म्हणायचे, आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. न केलेल्या दुरुस्त्यांची माझी यादी तशी मोठी आहे.

शेतकरी तक्रार करायचे. "डॉक्टर, तिसऱ्यांदा उलटली की ओ म्हस! हिच्यातच खोट हाय. बाजार दावतो आता तिला." उलटली म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. आणि मी तिथंच गोठ्यात उभा राहून भाषण द्यायचो. म्हणायचो, पावणं, जरा दम धरा. खोट कायम मादीतच असते असं कोण म्हणालं? यंदा तुम्ही गावच्या रेड्याकडं नेली होती ना? त्या रेड्याला मध्यंतरी ताप येऊन गेलाय. तापात बीज मरतं, आणि नवं तयार व्हायला अडीच महिने लागतात. अंडकोष देवानं अंगाच्या बाहेर का टांगलेत? बीजाला अंगापेक्षा थोडा गारवा लागतो म्हणून. वीर्य पडलं म्हणजे त्यात बीज असतंच असंही नाही. वीर्य म्हणजे नुसती एसटी, आत माणसं बसलीत की गाडी रिकामीच धावतेय, ते मायक्रोस्कोपखाली घातल्याशिवाय कळत नाही.

लोक हसायचे. कुणीतरी चहा सांगायचं. किती म्हशींना मी असं कसायाच्या दारातून परत आणलं असेल! लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पुढचा अर्धा भाग माझा मला ऐकू यायचा आणि मी गाडीला किक मारायचो.

माझं लग्न एक्क्याण्णव साली झालं. सुनंदा कबनूरची. वडील यंत्रमागावर कामाला, घराच्या भिंतीपलीकडं माग. ती खडखडाटात वाढलेली, त्यामुळे लग्नानंतर पहिले सहा महिने ती घरात मोठमोठ्यानं बोलायची आणि माझी वहिनी कानावर हात ठेवायची. मग हळूहळू तिचा आवाज खाली आला. तेव्हा मला वाटलं होतं, रुळली. आता वाटतं, तिला बोलायला तोंड उरलं नाही. कारण तोवर तीन वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

गावात अशा बाईचं काय होतं ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. कुणी तोंडावर वाईट बोलत नाही. फक्त डोहाळजेवणाला ओटी भरायची वेळ आली की तिला कुणीतरी स्वैपाकघरातलं काम सांगतं. बारशाला बायका पाळण्याच्या खालून-वरून पोर एकमेकींच्या हातात देतात — गोविंद घ्या, गोपाळ घ्या — तेव्हा ती आत घुगऱ्यांच्या पातेल्याजवळ असते. सुनंदाला कुणी हाकलून लावलं नव्हतं. ती आपण होऊन आत जायला शिकली. मी बाहेर सोप्यात पुरुषांबरोबर बसलेला असायचो आणि मला ती आत जाताना दिसायची.

आता यायलाच हवं तिथं.

सतरा वर्षांचा असताना मला गालगुंड झालं होतं. लहानपणी झालं तर फारसं काही नसतं. वयात आल्यावर झालं तर ते कधीकधी खाली उतरतं. माझं उतरलं. दोन्ही बाजूंना. ताप, ठणका, चालता येईना. आईनं गालांवर लेप लावले. खालचं मी कुणालाच सांगितलं नाही — कसं सांगणार? कुणाला? पांघरूण घेऊन आठ दिवस पडून राहिलो. सूज उतरली. पुढच्या वर्षभरात ते दोन्ही आधीपेक्षा लहान आणि मऊ झाल्याचं मला हाताला कळत होतं. पण दाढी भरली, आवाज जाडच राहिला, बाकी सगळं सगळ्यांसारखं. मग कशाला बोलायचं?

नोकरीच्या ट्रेनिंगमध्ये एक दिवस वळूच्या अंडकोषाची सूज शिकवली. सूज येऊन आकसले तर बीज बंद पडू शकतं, पण वळूचा जोर, रग, माजावरच्या गाईकडं धावणं यात काहीही फरक पडत नाही. कारण बीज तयार होतं ते वेगळ्या पेशींत आणि मर्दपणाचा रस तयार होतो तो वेगळ्या पेशींत. शेजारच्यानं वहीत लिहून घेतलं. मी नाही लिहिलं. मला ते लिहायची गरज नव्हती.

म्हणजे लग्नाआधी मला माहीत होतं का? तुम्ही हेच विचारणार. माहीत नव्हतं — संशय होता. माणसांत दोन्हीकडचं कायमचं जायचं प्रमाण कमी, हेही मी कुठंतरी वाचलं होतं आणि त्याला धरून राहिलो. पण संशय असलेला माणूस तपासून घेतो. मी नाही घेतलं. घोड्यावर बसलो, मुंडावळ्या बांधल्या, सुनंदाला घेऊन आलो.

तपासलं ते चौऱ्याण्णव साली. रविवारची दुपार होती, केंद्र बंद, किल्ली माझ्याकडं. नायट्रोजन यायला उशीर झाला की कांड्यांतलं बीज जिवंत आहे का ते बघायला आमच्याकडं एक मायक्रोस्कोप होता. मी आतून कडी घातली. नमुना कसा काढला ते सांगत नाही. काचेवर थेंब घेतला, वर झाकणकाच ठेवली, डोळा लावला.

काही नव्हतं.

म्हटलं, भिंग खराब असेल. पुसलं. पुन्हा थेंब, पुन्हा डोळा. मग भांड्यातून वळूची एक कांडी काढली, पाण्यात धरली, शेजारच्या काचेवर तिचा थेंब टाकला. त्यात नुसती लगबग. आठवडी बाजाराला माणसं लोटावीत तसं सगळं हलत होतं. भिंग चांगलं होतं.

एका तपासणीवर निकाल द्यायचा नसतो हेही मला ठाऊक होतं, माझंच तर शिक्षण. म्हणून अडीच महिने थांबून पुन्हा केली. त्या अडीच महिन्यांत मी सायकलीच्या सीटवर बसलो नाही, गरम पाण्यानं अंघोळ केली नाही, तंबाखू सोडली. दुसऱ्यांदाही तेच. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा काच धुऊन ठेवली, हात धुतले, आणि तंबाखूची डबी काढून बार भरला. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?

घरी गेलो तर सुनंदा संकष्टीचा उपास सोडायला चंद्राची वाट बघत बसली होती. मूल व्हावं म्हणून धरलेला उपास. मी तिच्याशेजारी बसलो. बोलायला एवढी चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नाही. तिनं विचारलं, "कसला इचार करतायसा?" मी म्हणालो, संघातल्या बदल्यांचा.

एवढंच असतं तर कदाचित मी स्वतःला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. न सांगणं वेगळं. पण पुढं मी सांगितलं — खोटं सांगितलं, आणि तेही असं की दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

पंच्याण्णव साली वहिनीच्या माहेरच्या कुणाच्या तरी ओळखीनं आम्ही कोल्हापुरात एका बाईडॉक्टरांकडं गेलो. वयस्क, सरळ बोलणाऱ्या बाई. सुनंदाला तपासायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "तुमची तपासणी झालीय का? पुष्कळदा कारण नवऱ्यात असतं. तुमची तपासणी सोपी, न दुखणारी. हिची सगळी अवघड. आधी तुमचीच करू." किती शहाणी बाई! मी रोज शेतकऱ्यांना जे सांगायचो तेच ती मला सांगत होती.

आणि मी म्हणालो, झालीय. माझं काम याच खात्यातलं आहे, मॅडम. काऊंट चांगला आहे, हालचाल पन्नास टक्क्यांच्या वर आहे, आकारात दोष नाही.

हे शब्द मी अडखळत बोललो नाही. रोजच्या सवयीनं बोललो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि त्यांना बरं वाटलं, असा समंजस नवरा त्यांच्याकडं फारसा येत नसावा. म्हणाल्या, पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन या. मी हो म्हणालो. त्यांनी केस पेपरवर लिहिलं — नवऱ्याची तपासणी नॉर्मल. पुढच्या वेळी दवाखान्यात गर्दी होती, त्यांनी रिपोर्ट मागितला नाही, मी आठवण केली नाही.

ते आकडे कुठले होते विचारा. त्याच आठवड्यात मी एका वळूच्या कांड्या तपासल्या होत्या. त्याचे. जनावराचे आकडे मी स्वतःचे म्हणून दिले आणि बायकोला तपासणीच्या टेबलावर चढवली.

पुढं डॉक्टर बदलत गेले, केस पेपर तोच राहिला. प्रत्येकजण ती ओळ वाचायचा आणि माझ्याकडं न बघता सुनंदाकडं वळायचा. तिच्या नळ्यांत औषध सोडून फोटो काढला. पोटातून दुर्बीण घातली. पिशवी साफ केली — एकदा नाही, तीनदा. गोळ्या, इंजेक्शनं, कोणत्या दिवशी जवळ यायचं त्याची तारखांची चिठ्ठी. कुठंच काही सापडत नव्हतं. सापडणार काय? एका डॉक्टरांनी तर "कारण न कळणारं वंध्यत्व" असं लिहून दिलं. ते कारण तिची कापडी पिशवी हातात धरून बाहेर बाकड्यावर बसलेलं होतं.

नळ्यांचा फोटो काढला त्या दिवशी आम्ही एसटी स्टँडवर आलो आणि तिला चालवेना. ती पायरीवर बसली. पदर तोंडात धरला होता. मी चहा आणला. चहा तसाच हातात धरून ती म्हणाली, "लई दुखलं ओ. पर असूंदे. आता कळंल की, माज्यात काय हाय ते." मी तिला म्हणालो, चहा गार होतोय.

चहा गार होतोय! सव्वीस वर्षांची बाई माझ्यापायी पोट धरून पायरीवर बसलीय आणि मी तिला हे म्हणालो.

त्या बाईडॉक्टरांनी सुरुवातीलाच आणखी एक सांगितलं होतं. नवऱ्यात दोष निघाला तरी घाबरू नका, दुसऱ्याचं बीज वापरून मूल होतं, नाव गुप्त राहतं. ऐकताना माझ्या कानशिलातून वाफ निघाली. परक्याचं बीज? माझ्या घरात? — आणि हे कुणाला वाटावं? जो माणूस रोज सकाळी भांड्यात परक्याचंच बीज घेऊन गावोगाव फिरतो त्याला. गोठ्यात मी म्हणायचो, वासरू कुणाचं का असेना, दूध देतंय ना? घरात मला ते एक वाक्य सोसलं नाही. मी खरं बोललो असतो तर सुनंदाला मूल झालं असतं. तिची पिशवी चांगली होती. हे मी डोळे उघडे ठेवून सांगतोय. तिला मूल झालं असतं.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही. याहून वाईट आहे, ते पुढं आहे.

अठ्ठ्याण्णव साली आईनं विषय काढला. माझ्या मामाला बोलावलं, थोरला भाऊ बसला, वहिनी दाराशी. वारणानगरकडची एक मुलगी बघून ठेवली होती, गरीब घरची, बापाला चालणार होतं. सुनंदानंही मान डोलावली होती, असं मामा म्हणाला. मी तिला बोलावलं. ती आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी करा लगीन. माझं काय न्हाय. मी ऱ्हातो की कोपऱ्यात, तिची बाळंतपणं काढीन."

मी उठलो. अजून मला आठवतं, कसा उठलो ते. म्हणालो, दुसरं लग्न मी करणार नाही. मूल नाही तर नाही. हिला घेऊन आलो, हिच्याबरोबरच मरणार. पुन्हा या घरात हा विषय निघाला तर मी घर सोडीन.

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. भावानं माझ्या पाठीवर हात ठेवला. आई रागानं उठून गेली, पण पुढं देवळात तीच बायकांना सांगायची की माझ्या पोराचं मन आभाळाएवढं आहे. आठ दिवसांत गावभर झालं. गावातल्या बायका नवऱ्यांशी भांडताना माझं नाव घ्यायच्या. आणि त्या दिवशी सगळे पांगल्यावर सुनंदा सोप्यात माझ्यासमोर आली आणि वाकून पाया पडली. म्हणाली, "तुमच्यासारखा बाप्या न्हाय गावात."

मी पाय मागं घेतले नाहीत.

दुसरं लग्न मी का केलं नाही, ठाऊक आहे? दुसरीलाही मूल झालं नसतं. दोन बायका आणि दोन्ही रिकाम्या — मग गावानं बोट कुणाकडं दाखवलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. सुनंदा एकटी माझ्या घरात होती तोवर खोट तिची होती. मला ती सोबत हवी होती असं नव्हे — म्हणजे हवी होतीही, जीव होता, आहे, पण त्या दिवशी उभा राहून जे बोललो ते जिवापोटी नव्हतं. मी तिला आडोसा म्हणून धरून ठेवलं. आणि त्याबद्दल तिनं माझे पाय धरले.

तिसऱ्यांदा पिशवी साफ केल्यापासून तिला अंगावरून जायचं, ताप यायचा, कंबर धरायची. चार-पाच वर्षं तिनं ते काढलं. दोन हजार तीनमध्ये पिशवी काढून टाकली. तिचं वय चौतीस. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या हळू आवाजात म्हणाली, "सुटलो बगा एकदाचं." मला वाटलं, दुखण्यातून सुटले म्हणतेय. नंतर कळलं, ती वाट बघण्यातून सुटली होती. आणि मी? मीही सुटलोच की. आता तपासायला काही उरलं नव्हतं. बाहेर येऊन मी एक पूर्ण ऑम्लेट-पाव खाल्ला, भूक लागली होती.

तिला कळलं असेल का? इतक्या वर्षांत? असं मानायला मला आवडेल. तिला सगळं माहीत आहे आणि तिनं माफ करून टाकलंय — किती सोपं होईल! पण नाही. तिला माहीत नाही. मी तिच्याबरोबर राहतो, मला तिचा चेहरा वाचता येतो.

आणि दोन हजार सातमध्ये माझ्या पुतण्याची पाळी आली. अमोल, थोरल्या भावाचा मुलगा. लग्नाला अडीच वर्षं झाली होती. शीतल, त्याची बायको, पदवीधर पोरगी, पण घरात तेच सुरू झालं, तीच कुजबुज, तेच उपास. वहिनी म्हणाली, सुनेला दवाखान्यात न्यायला पाहिजे. सगळे जेवून सोप्यात बसलो होतो. मी न राहवून बोललो. म्हणालो, आधी अमोलची तपासणी करा.

अमोलचा चेहरा लाल झाला. भाऊ माझ्याकडं बघायला लागला. पोरगा उठून जाणार एवढ्यात सुनंदा बोलली. कबनूरहून आली तेव्हाच्या त्या मोठ्या आवाजात.

"बस खाली, अमोल. लाजायचं काय त्यात? तुज्या काकांनी बग, माज्या आदी सोताची तपासणी करून घेतली हुती. कुणी सांगितलं बी नव्हतं. दवाखान्यातली बाई गप झाली बगून. खोट माज्यात निघाली तरी कवा एका शब्दानं बोललं न्हाईत. बाप्यानं असं असावं. तू काय त्यांच्यापरीस मोठा लागून गेलास व्हय?"

अमोलनं माझ्याकडं बघितलं. "खरंच, काका?"

माझ्यापुढं तिथं सगळे बसले होते. मी म्हणालो, "व्हय."

पोरगा पुढच्या आठवड्यात गेला. अंडकोषाच्या शिरा फुगल्या होत्या, रक्त तुंबून तिथली ऊब वाढते आणि बीज कमी पडतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला मात्र इलाज होता. एक छोटं ऑपरेशन. शीतलला एक सुईसुद्धा टोचावी लागली नाही. दीड वर्षानं मुलगी झाली.

बारशाला सुनंदा नेहमीसारखी आत निघून गेली. शीतलनं पाळण्याजवळून हाक मारली — काकी, तुम्ही पण या, तुमच्याशिवाय नाव ठेवणार नाही. तिला हाताला धरून आणली. म्हाताऱ्या बायका बाजूला सरकल्या. सुनंदानं पोरगी पाळण्याखालून घेतली, वरून दिली, पुन्हा घेतली. तिला पोरीचं डोकं कसं धरायचं ते नीट येत नव्हतं, पुन्हापुन्हा हात बदलत होती. सगळं झाल्यावर ती पोरगी घेऊन थेट पुरुषांत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तिला माझ्यापुढं धरली.

"घ्या की. तुमच्यामुळं आलीया ही घरात."

सगळे माझ्याकडं बघून हसत होते. भावाचे डोळे भरले होते. मी हात पुढं केले आणि घेतली.